चाळिशीच्या तोंडावर ऑटिझमचं निदान झालंय. कागद काढावा का?

मांजराकाठ
नमस्कार. मूळ गाव औसा तालुक्यातलं, राहायला लातूर. वय ३९, नोकरी सरकारी बँकेत. बरीच वर्षं मागच्या खोलीत बसून हिशेब जुळवले. मग बढती मिळाली आणि वसुलीला टाकलं. शेतकरी म्हणाला "येत्या सोमवारी भरतो", की मी डायरीत सोमवार लिहायचो आणि सोमवारी वाट बघायचो. साहेब म्हणायचे, समोरचा थापा मारतोय हे दिसत नाही का तुम्हाला? मला खरंच दिसत नाही. पुढं झोप उडाली, जेवण तुटलं, शाखेच्या दारात छाती धडधडायला लागली. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तो झोपेच्या गोळीसाठी. काही भेटी झाल्यावर ते म्हणाले, हा ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता, लहानपणापासूनची.

निदानात एक अडचण होती. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे घर पडलं तेव्हा मी सात वर्षांचा. त्यामुळं घरात सगळ्यांचं एकच, "भूकंपापासून घुमा झाला, आधी चांगला होता." डॉक्टरांना मात्र भूकंपाच्या आधीचा मी कसा होतो ते हवं होतं. आई आता नाही. शेवटी बालवाडीच्या ताईंचा पत्ता लागला, त्या सोलापूरला मुलाकडे असतात. फोनवर म्हणाल्या, "तू पोरांत खेळायचाच नाहीस रे. पाटीवर रोज विहिरीचा रहाट काढायचास. दुसऱ्या कुणी पुसला की दुपारपर्यंत रडणं." डॉक्टरांच्या मते धक्का वेगळा आणि हे वेगळं, माझ्यात दोन्ही आहे.

आता प्रश्न. बायको म्हणते दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढ, बँकेत दे, जुनं काम परत मिळेल. भाऊ म्हणतो पुतणीची सोयरीक बघायला लागलोय, दिवाळीनंतर पाहुणे येतील, तोवर कसलाच कागद नको. मला ठरवता येत नाही. ज्यांनी काढलाय त्यांनी फायदा आणि तोटा दोन्ही सांगावं.

तूरडाळ
समोरचा थापा मारतोय हे न कळणारा वसुलीवाला! मालक, शाखा कोणती तेवढं सांगा, पीककर्ज तिकडं वळवतो.
(परभणीकर आहे, गंमत केल्याशिवाय राहवत नाही. पोस्ट वाचून पोटात तुटलं, खरं सांगतो.)

मांजराकाठ
शाखा सांगता येणार नाही, नियम आहे. गंमत आहे हे कंस वाचल्यावर कळलं.

अण्णा_अंबाजोगाई
उभी हयात मास्तरकीत गेली. वर्गात एखाददुसरा घुमा असायचाच. त्याला मागं बसवायचो, फळा पुसायला लावायचो, पुढं तो तलाठी नाहीतर कंपाउंडर व्हायचा. कुणाला कसलं निदान लागलं नाही. आता ज्याला त्याला काहीतरी चिकटवून द्यायचं आणि फी घ्यायची. ३९ वर्षांत संसार, नोकरी, पोरंबाळं झाली ना? मग आता कशाला हे?

हिमायतबाग
अण्णा, जे तलाठी झाले नाहीत ते तुमच्या लक्षातच राहिले नाहीत, असंही असेल.
मी संभाजीनगरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय २८. इंटरनेटवरची ५० प्रश्नांची चाचणी दिली, ३४ गुण आले. म्हणजे मी पण ना?

डीजे_बंद_करा
मला वरातीतला डीजे सहन होत नाही. मी पण का?

तूरडाळ
नाही. तुमचे कान अजून शाबूत आहेत एवढंच त्यातून सिद्ध होतं.

गोदातीर
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, नांदेडला. इथं कुणाचं निदान करणार नाही, पण दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो.

हिमायतबाग, ती चाचणी २००१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी केली. ३२ किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवा, एवढाच तिचा उपयोग. सामाजिक भीती, नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांतही गुण वर जातात. आम्ही तपासतो ते वेगळं असतं. समोरच्याशी काय बोलायचं ते कळतं पण भीतीनं तोंड उघडत नाही, की मुळात न बोललेल्या अपेक्षा वाचताच येत नाहीत? तीच तीच कृती नकोशी वाटूनही करावी लागते, की ती केल्यानं जिवाला बरं वाटतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहानपण. म्हणून मांजराकाठ साहेबांच्या डॉक्टरांनी बालवाडीपर्यंत माग काढला ते मला फार आवडलं. किल्लारी पट्ट्यातला रुग्ण आला की "भूकंपापासून" हा शब्द आम्ही कायम ऐकतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. तिथं घाई केली की दोन्हीकडून चूक होते.

अण्णा, तुमच्या वेळीही हे होतंच. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमच्या ११ मुलांवरचा लेख १९४३ ला लिहिला. पण पुढं कितीतरी वर्षं न बोलणाऱ्या, हात फडफडवणाऱ्या मुलांनाच ऑटिझम म्हणायचे. बोलणारा, गणितात पैकीच्या पैकी आणणारा पोरगा कुणाच्या नजरेत येत नव्हता. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत १९९४ ला अ‍ॅस्पर्जर हे अशा बोलणाऱ्यांसाठीचं वेगळं निदान आलं, २०१३ ला सगळं एका छत्राखाली घेतलं. त्याच पुस्तिकेत असंही आहे की लक्षणं लहानपणापासून असली तरी ताकदीपेक्षा अपेक्षा वाढेपर्यंत ती उघडी पडत नाहीत. साहेबांची बढती म्हणजे नेमकं तेच.

ऑटिझमवर गोळी नाही. चिंता, झोप, नैराश्य यांवर आहे, आणि ती घ्यायला लाजू नये.

आरोग्यम्_धनसंपदा
हे सगळं लसींमुळे वाढलंय. आमच्या ग्रुपवर पूर्ण माहिती आहे, हवी तर पाठवतो.

गोदातीर
पाठवू नका. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो मूळ लेख १९९८ चा, नियतकालिकानं २०१० ला मागं घेतला, त्याच वर्षी लिहिणाऱ्याची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. शिवाय साहेबांच्या वयाच्या माणसाला लसीवरून काय समजावताय?

सेलूची_सून
माहेर हिंगोली, सासर सेलू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलीच्या निदानाच्या वेळी डॉक्टर माझ्याकडे बघत जे प्रश्न विचारत होते, ते अर्धे माझेच होते. पुढं माझंही निदान झालं.

अण्णा, घुमा पोरगा तुम्हाला मागच्या बाकावर दिसला तरी. घुमी पोरगी दिसली का कधी? आमच्याकडं आवाज न करणारी पोर म्हणजे शहाणी, गुणाची. आणि चुकलं की लगेच पाठीत धपाटा, "पाहुण्यापुढं असं उभं राहतेत का?" त्या धपाट्यांनी मी सगळं पाठ केलं. लग्नानंतर तर वही केली होती, खरंच. पाहुणी आली की आधी पाणी, मग "कशा आहात", मग सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी, मग पोरांचा निकाल, मग "जेवूनच जा" दोनदा, तिसऱ्यांदा म्हणायचं नाही कारण ती खरंच थांबते. हळदीकुंकवाला पन्नास बायकांत बसून आले की मला दुसऱ्या दिवशी ताप यायचा. घरच्यांना वाटायचं दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळायचे. लोक म्हणतात तू तर छान बोलतेस, तुला कसला ऑटिझम! ते छान बोलणं किती महागात पडतं ते घरी आल्यावर कळतं.

दादा, तुमच्या प्रश्नावर माझा अनुभव: मी जाऊबाईला सांगितलं, सासूबाईंना नाही. जाऊबाईनं दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांची बाजू स्वतःकडं घेतली आणि मला चुलीकडं दिलं. सासूबाईंना सांगून त्यांच्या देव्हाऱ्यात एक नवस वाढला असता, येरमाळ्याची एक फेरी वाढली असती, बाकी काही नाही. प्रमाणपत्र मात्र मुलीचं काढलं, माझं नाही.

हिमायतबाग
ताई, ती वही अजून आहे का? विकत घेतो.

सेलूची_सून
आहे. पण सेलूपुरतीच चालते. हिंगोलीला सुद्धा प्रश्नांचा क्रम वेगळा आहे.

बीडचा_बाप्पा
ह्या धाग्यानं मला आमचे तात्या आठवले. वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. कुणाच्या लग्नात गेले नाहीत, पंगतीला बसले नाहीत, बाराही महिने तीच बंडी. पण गावाचे सगळे गट नंबर तोंडपाठ. कोणता गट किती हेक्टर किती आर, पोटखराबा किती, बांध कुणाशी. नवा तलाठी आला की पहिल्या आठवड्यात चहा घ्यायला आमच्या ओट्यावर. मोजणीवाले आले की तात्याला हाक. लोक येडा तात्या म्हणायचे पण इज्जतीनं म्हणायचे. मला वाटतं तेव्हा निदान नव्हतं पण माणसाला जागा होती. आता निदान आहे, जागा नाही. गावातल्या मोठ्या कुटुंबात असं माणूस खपून जायचं, ह्या क्लासेसच्या अन् टार्गेटच्या दुनियेत कसं खपावं?

अण्णा_अंबाजोगाई
बाप्पा, लाखातलं बोललात. हेच म्हणतोय मी.

कोर्ट_कचेरी
धाराशिवला वकिली करतो, जमिनीचे दावे जास्त. म्हणून एक विचारतो बाप्पा, राग मानू नका. तात्यांच्या नावावर किती जमीन होती?

बीडचा_बाप्पा
विचारलंतच तर सांगतो. काहीच नव्हती. आजोबा गेल्यावर हक्कसोड करून घेतलं होतं. वडील आणि थोरले चुलते घेऊन गेले रजिस्ट्रीला. तात्यांनी कागद सगळा वाचला. एका गटाचे आर चुकले होते, ते दुरुस्त करायला लावले आणि मग सही केली.

तूरडाळ
...

कोर्ट_कचेरी
असे कागद माझ्याकडं फार येतात. एकट्या काकाचा, मुक्या आत्याचा. गावात जागा होती हे खरं, पण पुष्कळदा ती गोठ्याशेजारच्या खोलीत होती आणि सातबाऱ्यावर नव्हती. आता दिव्यांग हक्क कायदा २०१६ आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखाच मालमत्तेचा आणि वारशाचा हक्क आहे. आधीही वारसा कुणी काढून घेतला नव्हता म्हणा.

सेलूची_सून
मेलेल्या माणसाचं निदान आपण इथं बसून करू नये असं मला वाटतं. तात्या कसे होते ते बाप्पांनी सांगितलं, तेवढं पुरे.

बीडचा_बाप्पा
पटलं ताई. मी ऑटिझम म्हणालो नाही, आठवले एवढंच म्हणालो.

नळदुर्गची_माय
बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. बोलत नाही. पाण्याचा तांब्या हातात दिला तर पितो, तहान लागली म्हणून मागत नाही. रात्री-अपरात्री कडी काढून निघून जातो, म्हणून मी दाराला आडवी झोपते. तुमची चर्चा वाचून मला कधी हसू येतं, कधी राग येतो. नोकरी आहे, बायको आहे, वहीत प्रश्न लिहिता येतात. आणि त्याचंही नाव ऑटिझम, माझ्या पोराचंही तेच? जिल्ह्याच्या बालकांच्या केंद्रात तो १८ पूर्ण होईपर्यंत थेरपी मिळायची. त्यानंतर "आता मोठा झाला" म्हणाले. मोठा झाला म्हणजे कुठं न्यायचा ते कुणी सांगितलं नाही. मोठ्या माणसांच्या ऑटिझमवर बोलताच आहात तर त्याच्यावर पण बोला.

मांजराकाठ
माई, तुमचं वाचलं. तुमच्या मुलाची गरज माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. नाव एकच का ठेवलं ते मला सांगता येणार नाही, मी डॉक्टर नाही. बँकेच्या कामात मदत करू शकतो. त्याचं खातं, पालकत्वाचे कागद, निवृत्तिवेतनातलं नाव यातलं काही अडलं असेल तर लिहा. हे मला चांगलं येतं.

गोदातीर
माई, राग बरोबर आहे. छत्र एक केल्यानं बोलणाऱ्यांची सोय झाली, आणि तुमच्या मुलासारख्यांच्या चोवीस तासांच्या गरजा त्या गर्दीत मागं पडतात, हा वाद जगभर चालू आहे. तुम्ही म्हणता ती केंद्रं १८ वर्षांपर्यंतच्याच योजनेत येतात, पुढची साखळी आपल्या आठही जिल्ह्यांत फार तुटकी आहे. दोन गोष्टी बघा. निरामय हा आरोग्य विमा, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा, एक लाखापर्यंतचा. त्याला वयाची अट नाही, प्रमाणपत्र मात्र लागतं. आणि मुलाच्या बाजूनं सही करण्यासाठी त्याच न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं करता येतो. स्वतःची झोपही बघा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठी पण आहे, रुग्णासाठीच असतो असं नाही.

नळदुर्गची_माय
विमा आहे. पालकत्वाचा अर्ज केला नव्हता. मांजराकाठ भाऊ, खात्याचं विचारते उद्या. त्याला जेवणात धपाटंच लागतं, दुसरं काही चालत नाही, म्हणून सकाळी लवकर उठावं लागतं.

सेलूची_सून
माझ्या मुलीचं पण तेच! डब्यात धपाटं नसलं तर डबा तसाच परत. आणि तेही गोलच हवं, कडा फाटलेली चालत नाही. मी ज्वारीच्या पिठात थोडी कणीक घालते, मग फाटत नाही.

तूरडाळ
कणीक?? धपाट्यात कणीक घालणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. ज्वारी, बेसन, काकडी किसून. संपला विषय.

डीजे_बंद_करा
काकडी कशाला, दुधीभोपळा घाला.

संपादक
धपाट्यांसाठी पाककृती विभाग आहे. इथले सोळा प्रतिसाद तिकडं हलवले आहेत. मूळ प्रश्नावर या.

कोर्ट_कचेरी
येतो. मांजराकाठ साहेब, तुम्ही तीन गोष्टी एकत्र धरताय म्हणून गाडी अडलीय. निदान डॉक्टरांनी केलं, ते झालं. प्रमाणपत्र मंडळ देतं, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून किंवा शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून. आणि तिसरी गोष्ट कामातली सोय.

प्रमाणपत्रासाठी भारतीय मोजपट्टी आहे, ४० मुद्द्यांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर त्या पट्टीवर ऑटिझम धरतच नाहीत. ती बनवताना डोळ्यासमोर मुख्यतः मुलं होती. नोकरी करणारा, बोलणारा माणूस त्यात ७० पर्यंत पोचेलच असं नाही. तेव्हा डॉक्टर हो म्हणतात आणि मंडळ नाही म्हणतं, असंही होऊ शकतं. तयारी ठेवा. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व मिळालं तर नोकरीतलं ४ टक्के आरक्षण (त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार वगैरे सगळ्यांत मिळून) आणि आयकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट. तुम्ही नोकरीत आहातच, म्हणजे मुख्य फायदा कराचा.

पण कामातल्या सोयीसाठी ४० टक्क्यांची अट कायद्यात नाही. कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची आहे, आणि 'दिव्यांग व्यक्ती' व '४० टक्केवाली व्यक्ती' या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ ला हेच सांगितलं. तो खटला परीक्षेतल्या लेखनिकाचा होता, पण तत्त्व तेच. बँक प्रमाणपत्राचा आग्रह धरू शकते, तरी सुरुवात डॉक्टरांच्या पत्रानं करता येते.

सोयरिकीचं म्हणाल तर प्रमाणपत्राचं कार्ड तुमच्या खिशात राहतं. गावात दवंडी पिटत नाहीत.

बीडचा_बाप्पा
वकीलसाहेब, आमच्या गावात दिव्यांगांच्या पाच टक्के निधीची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचतात. चहाच्या टपरीवर दुपारी पोचते.

कोर्ट_कचेरी
तो लाभ मागितला तर यादीत नाव येतं. हे राहतात लातूर शहरात, गावात अर्ज करणारच नाहीत. पण मुद्दा बरोबर आहे, लपतच नाही असं मी म्हणणार नाही.

अण्णा_अंबाजोगाई
एक विचारतो. समजा उद्या पाहुण्यांना नंतर कळलं, तर ते जास्त वाईट नाही का? आमच्या नात्यात मिरगीचं लपवून लग्न झालं होतं. आठ महिन्यांत पोर माहेरी. मी निदानाच्या विरोधात असलो तरी लपवण्याच्या बाजूनं नाही.

हिमायतबाग
अण्णा आणि मी एकमत! स्क्रीनशॉट घेतलाय.

गोदातीर
अनुवंशाचा प्रश्न येणारच, म्हणून सांगून ठेवतो. ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे खरं. पण काकाला आहे म्हणून पुतणीच्या मुलांना होईलच असं कुणी सांगू शकत नाही. पाहुण्यांनी विचारलं तर दोन्ही वाक्यं एकदमच सांगा, पहिलंच सांगून थांबू नका.

मांजराकाठ
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

अण्णांचं वाचून पुतणीलाच विचारलं, कारण तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं. ती लातूरलाच फार्मसी करते. ती म्हणाली, "काका, आधीच सांगून टाका. नंतर कळलं तर ऐकून मला घ्यावं लागेल, तुम्हाला नाही." भावाला हे पटलेलं नाही. तो माझ्याशी बोलतो पण निदानाचा विषय काढला की शेतातल्या मोटारीचं विचारतो. म्हणून पाहुणे येतील तेव्हा त्यांना सांगण्याचं काम वहिनीनं घेतलंय.

प्रमाणपत्र सध्या नाही. मोजपट्टी मी स्वतः वाचली, माझी बेरीज ७० च्या आसपास येते, पण स्वतः केलेली बेरीज धरत नाहीत. आधी डॉक्टरांचं पत्र बँकेत देतो. नळदुर्गच्या माईंचं खात्याचं काम झालं आहे, नामनिर्देशन बाकी होतं.

पत्रात काय लिहायचं ते कुणी सांगेल का? "मला लोकांशी बोलता येत नाही" असं लिहिलं तर ते खोटं होईल, मी रोज बोलतो.

कोर्ट_कचेरी
आजाराचं वर्णन नको. सोय मागा, एक एक ओळीत. "वसुली विभागातून हिशेब जुळवणी विभागात बदली मिळावी. बढतीची श्रेणी कायम राहावी. कामाच्या सूचना तोंडी न देता लेखी किंवा ईमेलनं मिळाव्यात. बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळावा." खाली "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २० प्रमाणे", सोबत डॉक्टरांचं पत्र. श्रेणीची ओळ विसरू नका, ते बदली देताना बढती काढून घ्यायला बघतात.

सेलूची_सून
आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, सही, तारीख.

मांजराकाठ
आज दिलं. पोच घेतली. सोबत डॉक्टरांचं पत्र होतं, त्याचा उल्लेख पोचेवर नव्हता, तो लिहून घेतला. उत्तर यायला वेळ लागेल असं म्हणाले, किती ते सांगितलं नाही.

हिमायतबाग
डॉक्टर साहेब, मी खरंच दाखवायचं ठरवलंय. पण आई-वडील दोघंही म्हणतात "तू एकदम नॉर्मल होतास", आणि बालवाडीच्या ताई कुठून आणू? शाळेची प्रगतिपुस्तकं चालतात का?

गोदातीर
चालतात, शेऱ्याचा रकाना विशेष. "हुशार आहे पण मिसळत नाही" असं तीन वेगळ्या मास्तरांनी तीन वर्षं लिहिलं असेल तर त्याला वजन आहे. घरातल्या कुणाच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट असेल तर तीही आणा. पोरांच्या घोळक्यात तुम्ही कुठं आहात आणि काय करताय ते बघता येतं.

अण्णा_अंबाजोगाई
शेरे आम्ही घाईत लिहायचो, एवढा भरवसा ठेवू नका.

तूरडाळ
कॅसेट मिळेल हो. ती लावायचं मशीन अख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं आहे?